चालत येणारे आणि बसून राहणारे

रामनवमीच्या आधीचे चार-सहा दिवस आमच्या दवाखान्यात पायांचे असतात. मुंबईहून पालख्या येतात. कसारा घाट चढून, सिन्नरवरून, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर तुडवून मंडळी शिर्डीत पोचतात, आणि त्यातली बरीचशी दर्शनाला जाण्याआधी किंवा दर्शनाहून आल्यावर माझ्यासारख्या डॉक्टरच्या स्टुलावर पाय ठेवून बसतात. फोड, सोललेल्या टाचा, सुजलेले घोटे, निळी झालेली नखे. कंपाउंडर आणि मी दिवसभर मलमपट्ट्या करीत असतो.

गेल्या वर्षी अशाच गर्दीत मुंबईचे एक गृहस्थ आले. वय साधारण माझ्याएवढेच, पन्नाशी ओलांडलेले. ते सोबतच्या पोराला घेऊन आले होते. पोरगा पंचविशीतला, दोन्ही तळव्यांना मोठे फोड, धड उभे राहवत नव्हते. काकांच्या पायाला मात्र साधा चराही नव्हता. मी कारण विचारले. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी वर्षभर रोज सकाळी तासभर चालतो. हा वर्षातून आठ दिवस चालतो. एवढाच फरक." मग माझ्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांकडे बघून त्यांनी अगदी सहज विचारले, "तुम्ही किती चालता?"

मी हसून वेळ मारून नेली. रात्री मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. माझे घर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. मधे चौदा पायऱ्या. चालण्याचा एवढाच हिशोब. व्हिजिटला जायचे तर मोटारसायकल, मोंढ्यात जायचे तर मोटारसायकल, आणि साधी कोपऱ्यावरची मेथीची जुडीसुद्धा कोणीतरी आणून देतो. रुग्णांना तीस वर्षे "चाला, खाण्यावर ताबा ठेवा" असे सांगणाऱ्या मी दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे दार लावून घेतले आणि पोटाला टेप गुंडाळला. कंबर ९८ सेंटिमीटर भरली. वजन ७८ किलो, उंची ५ फूट ६ इंच. उपाशीपोटीची साखर ११२ आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही चाचणी ६.१. म्हणजे मधुमेह अजून झालेला नाही, पण तो दारात येऊन उभा आहे.

हे स्वतःविषयी सांगतो, कारण आपल्या गावातल्या चाळिशीपुढच्या किती जणांची गोष्ट हीच असेल याचा मला रोज प्रत्यय येतो. लोक लांबून चालत शिर्डीला येतात, आणि आपण शिर्डीकर दुकानाच्या गल्ल्यावर बसून त्यांची वाट बघतो.

आपल्या वडील-आजोबांची पिढी आठवा. पहाटे गोठा, मग मळा. रात्री पाटाला पाणी आले की बॅटरी घेऊन बारे द्यायला जाणे. राहात्याच्या बाजाराला पायी किंवा सायकलने. ताटात बाजरीची भाकरी, एखादी पालेभाजी, मठाची किंवा मटकीची उसळ, ठेचा, ताक. तेल पळीने नव्हे, थेंबाने. ही माणसे काही आहारशास्त्र शिकलेली नव्हती, आणि तेव्हाचे सगळे चांगले होते असेही मी म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे माझ्या दवाखान्यात येतात. टंचाईचे कोणी गोडवे गाऊ नयेत. पण शरीर दिवसभर हलत होते, हे खरे.

त्यांच्या मुलांनी जमिनीवर लॉज बांधले, हारफुलांची, मूर्तींची, पेढ्यांची दुकाने टाकली, गाड्या घेतल्या. २००९ मध्ये साईनगर शिर्डी रेल्वे स्टेशन झाले, २०१७ मध्ये काकडीचे विमानतळ सुरू झाले, गर्दी वाढत गेली. घरात पैसा आला, मुले शिकली, याचा आनंदच आहे. पण या धंद्यात माणूस बसतो. दहा-बारा तास गल्ल्यावर, काउंटरवर, गाडीच्या स्टिअरिंगमागे. शिवाय जेवणाची वेळ त्याच्या हातात राहत नाही, ती गर्दीच्या हातात जाते. सकाळी चहा-खारी, अकराला वडापाव, दुपारी तीनला घाईत चार पोळ्या, संध्याकाळी पुन्हा चहा-भजी, आणि शेजारती होऊन शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर रात्री साडेअकराला भरपेट जेवण. लगेच अंथरूण. "काय करू डॉक्टर, गिऱ्हाईक सुटत नाही," हे वाक्य मी आठवड्यातून वीस वेळा ऐकतो.

आता यावर काहीजण म्हणतील, आम्ही कुठे जाड आहोत? हातपाय तर काड्यांसारखे आहेत. फसगत होते ती इथेच. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नावर आयुष्य घातले आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा त्यांचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षे चालला. त्यात दिसले की आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी कमी नसते. कमी असतात ते स्नायू. म्हणजे वरून बारीक, आतून चरबीचे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांनी आपला आणि आपले इंग्रज सहकारी डॉ. यडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. उंची-वजनाचे गुणोत्तर, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचे अगदी सारखे, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर यडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! खाली त्यांनी मिश्कीलपणे लिहिले होते की यडकिन मॅरेथॉन पळतात, आणि आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते पकडायला पळणे.

तेव्हा वजनकाट्यावर फार विसंबू नका. घरात शिवणाचा टेप असतो तो घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, अशी आपल्या भारतीय लोकांसाठीची मर्यादा आहे. पँटच्या मापावर मात्र जाऊ नका. पुष्कळ पुरुष पोट वाढले की पट्टा खाली सरकवतात आणि "गेली पंधरा वर्षे माझी कंबर चौतीसच आहे" असे अभिमानाने सांगतात. मीही सांगत असे.

पोटावरच्या या चरबीचा एवढा बाऊ कशासाठी? कातडीखालची चरबी तुलनेने गरीब असते. पोटाच्या आत, आतडी आणि यकृताभोवती साठलेली चरबी स्वस्थ बसत नाही. ती रक्तात असे पदार्थ सोडते की त्यामुळे इन्शुलिनचा अंमल शरीरावर नीट चालेनासा होतो. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन बनवते, काही वर्षे कसेबसे निभावते, आणि एक दिवस थकते. २०२३ मध्ये आपल्या आयसीएमआर संस्थेच्या पाहणीचा निष्कर्ष आला. देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, आणि दारात उभे असलेले सुमारे १३ कोटी ६० लाख. माझा नंबर या दुसऱ्या रांगेत.

या दुसऱ्या रांगेतल्यांसाठी एक दिलाशाची गोष्ट आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी अशाच लोकांचे गट पाडून तीन वर्षे अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या मागे लागून आहार आणि चालणे सुधारून घेतले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. अमेरिकेतल्या २००२ च्या अशाच अभ्यासात, आठवड्याला १५० मिनिटे चालणे आणि वजनात ७ टक्के घट हे ध्येय ठेवून, मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ७ टक्के म्हणजे माझ्यासारख्या ७८ किलोच्या माणसाला साडेपाच किलो. सिनेनटासारखे दिसायची गरज नाही.

खाण्याकडे वळू. मी सुरुवात चहापासून केली, कारण दिवसाला किती चहा होतो हे मोजले तेव्हा मीच चपापलो. दहा अर्धे कप. प्रत्येकात दीड चमचा साखर. एकूण पंधरा चमचे, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम साखर, म्हणजे ३०० उष्मांक. तेवढे जाळायला झपझप तासभर चालावे लागते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ च्या आत असेल तर उत्तम. माझी मर्यादा नुसत्या चहातच ओलांडली जात होती, पेढा आणि लाडवाचा तुकडा वेगळाच. शिर्डीत प्रसादाला नाही म्हणता येत नाही, हे मान्य. पण प्रसाद चिमूटभर असतो. आपण त्याचा नाश्ता करतो.

साखरेच्या जिल्ह्यात बसून साखरेविरुद्ध लिहिणे म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. १९५० मध्ये शेजारच्या लोणीत, प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यावर हा सगळा परिसर उभा राहिला आहे. उसाला माझा विरोध नाही. माझ्या रुग्णांतले निम्मे ऊसवाले आहेत. पिकवा जरूर, ते सगळे स्वतः खायला हवे असे नाही. आणि साखर सोडून गूळ घेतला की झाले, असे समजणाऱ्यांना सांगतो, गुळात थोडेफार क्षार असतात, पण रक्तातली साखर वाढवण्याच्या कामी दोघे सख्खे भाऊ आहेत.

दुसरी गोष्ट तेल. याचा हिशोब घरातल्या बाईने किराणा यादीवरून करावा, फार सोपा आहे. महिन्याला येणारे तेल भागिले घरातली माणसे. माणशी अर्धा लिटरच्या आसपास आले तर ठीक. आमच्या घरी चार माणसांत साडेचार लिटर येत होते. एक मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक. रश्श्यावर तर्री आल्याशिवाय आपल्याकडे भाजीला भाजी म्हणत नाहीत. मी सौभाग्यवतींना एवढेच सुचवले की बाटलीतून धार सोडण्याऐवजी चमच्याने मोजून घालावे. पहिले दोन आठवडे घरात थोडे गरम वातावरण होते. आता अडीच लिटरवर आलो आहोत आणि चवीत फरक पडला असे पाहुणेही म्हणत नाहीत.

पोळी चांगली की भाकरी, हा प्रश्न मला फार विचारतात. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हापासून तर बाजरीला औषधाचा मान आला. बाजरी-ज्वारी चांगलीच. चोथा जास्त, पोट लवकर भरते, भूक उशिरा लागते. पण भाकरीतही उष्मांक असतातच. तीन पोळ्यांच्या जागी तीन जाड भाकरी खाल्ल्या तर वजन उतरणार नाही. खरा बदल ताटाच्या मांडणीत हवा. आपल्या ताटात पोळी-भाताचा डोंगर असतो आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. ते उलटे करा. अर्धे ताट भाजी, कोशिंबीर, पालेभाजी यांनी भरा. पाव भागात उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा मासे-चिकन जे चालत असेल ते. उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. आधी भाजी-उसळ खायला घ्या, भाकरी मागाहून. प्रथिने आपल्याकडे फार कमी पडतात. मूठभर मटकी भिजत घालणे, पिठल्यात पाणी कमी आणि बेसन जास्त ठेवणे, रोज वाटीभर दही, एवढ्याने सुरुवात होते. आणि फळ म्हणाल तर सफरचंदाच्या मागे कशाला लागता? राहात्याचा पेरू आपल्या दारात आहे. सालीसकट, चावून खावा. रस काढू नये, आणि मिठात लोळवू नये.

आता गुरुवार. आपल्या गावात गुरुवारचा उपवास घरोघरी असतो. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. डॉक्टर म्हणून मला त्या दिवशीच्या ताटाविषयी बोलायचे आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट, बटाटा आणि तूप. एक मोठी बशी खिचडी सहजच सहाशे उष्मांकांच्या आसपास जाते, मग वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू, केळ्याचे शिकरण. अनेकांच्या आठवड्यातला सर्वांत जड आहार उपवासाच्या दिवशी होतो. भगर-आमटी, ताक, फळे, मूठभर दाणे एवढ्यावर उपवास उत्तम होतो.

पण याच्या दुसऱ्या टोकाला जाणारे मला जास्त काळजीत टाकतात. एक प्रसंग सांगतो. गावातले एक दुकानदार, वय सत्तेचाळीस, मधुमेह सहा वर्षांचा. मीच त्यांना पोट कमी करा म्हणून बजावले होते. त्यांनी ते फारच मनावर घेतले. रोजचे जेवण निम्म्यावर आणले, गुरुवारी तर काहीच न खाण्याचा कडक उपवास सुरू केला, आणि संध्याकाळी पाच किलोमीटर चालणे. यातले काहीही त्यांनी मला सांगितले नाही. साखर कमी करणारी गोळी मात्र नियमाने सकाळी घेत राहिले, उपवासाच्या दिवशीसुद्धा. तिसऱ्या गुरुवारी रात्री त्यांची बायको आणि पुतण्या त्यांना गाडीवर मधे बसवून घेऊन आले. अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. पुतण्या दबक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, काका पीत नाहीत हो, पण..." साखर तपासली तर ४४ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पाच मिनिटांत ते भानावर आले आणि "मी इथे कसा?" म्हणून विचारू लागले. या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून रात्रभर लक्ष ठेवायला रुग्णालयात पाठवले. त्या माऊलीने त्यांना झोप लागली आहे असे समजून सकाळपर्यंत तसेच राहू दिले असते, तर काय झाले असते हे मी तिला सांगितले नाही.

यात चूक माझीही होती. "पोट कमी करा" म्हटले, कसे ते सांगितले नाही, आणि खाणे कमी झाले की गोळ्या कमी कराव्या लागतात हे बजावायचे राहून गेले. तेव्हापासून मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला मी आधी हेच सांगतो. सर्वच गोळ्यांनी असे होत नाही. तुमची कोणती आहे ते डॉक्टरांना विचारा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय एक वेळचे जेवणही टाळू नये. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, गोंधळ यांतले काही झाले आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. साखरेला इतकी नावे ठेवूनही मी प्रत्येक मधुमेहीच्या खिशात तिची पुडी ठेवायला सांगतो ती यासाठी.

ते दुकानदार आता बरे आहेत. मी त्यांना साईसच्चरितातली गोष्ट आठवण करून दिली, बाबांच्या पायाशी तीन दिवस उपाशी राहायच्या निश्चयाने आलेल्या बाईंना त्यांनी पुरणपोळ्या करून खायला लावल्या ती. त्यांनी ऐकले, मान डोलावली, आणि पुढच्या सणाला माझ्याच दाखल्यावर चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

दोन वेळाच जेवायचे, मधे काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, ही डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत आपल्याकडे २०१८ च्या सुमारास घरोघर पोचली. त्याविषयी मला नेहमी मत विचारतात. माझ्या पाहण्यात काहींना तिचा चांगला फायदा झाला, विशेषतः ज्यांचे दिवसभर काहीबाही चरणे चालू असे त्यांना. काहींना जमली नाही. गरोदर बाया, वाढती मुले, इन्शुलिनवरचे रुग्ण यांनी अशी कोणतीही पद्धत स्वतःच्या मनाने करू नये. बाकीच्यांनी, जी पद्धत पुढच्या दिवाळीतही पाळता येईल असे वाटते ती घ्यावी. रात्री साडेअकराला जेवणाऱ्या दुकानदाराला तर मी एवढेच म्हणतो, डबा साडेसातला मागवा आणि गल्ल्यामागे बसून का होईना, तेव्हाच जेवून घ्या.

व्यायामाचे सांगतो. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, झपझप चालणे. झपझप म्हणजे किती? शेजाऱ्याशी बोलता यावे, पण आरती म्हणता येऊ नये, इतके. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा, तेही चालतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. मुख्य हमरस्त्यावर वाहनांच्या धुरात चालू नका. पाटाच्या कडेने किंवा आतल्या गाडीरस्त्याने जा. पहाटे अंधार असेल तर पांढरा शर्ट घाला.

नुसते चालणेही पुरत नाही. आपल्यात स्नायूच मुळात कमी, हे वर आलेच आहे. चाळिशीनंतर ते आणखी घटतात. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचा व्यायाम हवा. त्यासाठी जिममध्ये जायला हवे असे नाही. जुन्या तालमीतल्या बैठका आठवा. सुरुवातीला खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात टेकून जोर काढा. बायका म्हणतात, "आमचा घरकामातच व्यायाम होतो." पूर्वी जाते, विहीर, सरपण होते तेव्हा होत असे. आता मिक्सर आणि नळ आहेत, ते असलेच पाहिजेत, पण मग अर्धा तास चालायला बाहेर पडायलाही हवे. आणि मावश्यांनो, उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून रात्री पातेले पुसून खाण्याची सवय सोडा.

चालताना छातीत दाटले, दम फार लागला, जबडा किंवा डावा हात भरून आला तर थांबा आणि तपासून घ्या, "गॅस झाला असेल" म्हणू नका. बरीच वर्षे बसून काढलेल्यांनी, रक्तदाब-मधुमेह असलेल्यांनी सुरुवातीआधी एकदा डॉक्टरांना भेटावे. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. नवस असला तरी नाही. पालखीतल्या एका रुग्णाच्या तळव्यात खिळ्याएवढा काच दोन दिवस रुतलेला होता आणि त्यांना पत्ता नव्हता, कारण मधुमेहाने पायाची संवेदनाच गेलेली. पट्टी बांधायला आले ते दुसऱ्या पायाच्या फोडासाठी. काच मला दिसला. अशा जखमा चिघळून पाय गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.

माझे काय झाले? वर्षभरात साडेपाच किलो उतरले. कंबर ९३ वर आली, ९० अजून दूर आहे. उपाशीपोटीची साखर १०१, एचबीएवनसी ५.८. लग्नसराईत दोन किलो परत चढले होते, हुरड्याच्या दिवसांतही घसरलो. पावसाळ्यात तीन आठवडे चालणे बंद पडले. ते पुन्हा सुरू करताना पहिल्या दिवशीइतकाच आळस आला.

यंदाच्या रामनवमीला ते मुंबईचे गृहस्थ पुन्हा आले, पोराला घेऊन. या वेळी पोराला एकच फोड होता. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे पाटापर्यंत जाऊन आलो. परतताना टपरीवर थांबलो. मी बिनसाखरेचा चहा मागितला. टपरीवाला म्हणाला, "डॉक्टर, साखर तर पातेल्यातच पडलीय." मग एकच चहा घेतला आणि दोघांनी अर्धा-अर्धा केला.